ऐरोलीहून जोधपूर: बिऱ्हाड हलवण्याआधी काय काय बघावं?

ऐरोली_सेक्टर८ (धागाकर्ता)

जोधपूरला बदली होतेय. घरात चार माणसं: आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या आजी (मधुमेह, इन्सुलिन चालू). तिथे भाड्याने २ बीएचके घ्यायचंय. सामानात सागवानी कपाट, दिवाण, तबल्याची जोडी, दीड टनाचा स्प्लिट एसी, पाइप गॅसवर चालणारी तीन बर्नरची शेगडी आणि एमएच ४३ पासिंगची गाडी. कंपनी मे किंवा ऑक्टोबर, दोन्हीपैकी कुठलाही महिना चालेल म्हणते.

'ऊन फार असतं' हे सगळ्यांनी सांगून झालंय. त्याच्या पुढचं हवंय.

---

मासुंदा

ऑक्टोबर. यावर चर्चाच नको.

उष्ण हवेला शरीर सरावायला १० ते १४ दिवस लागतात. या काळात घामाचं प्रमाण वाढतं आणि घामातून जाणारं मीठ कमी होतं. मेमध्ये उतरलात तर हे दोन आठवडे ४२ अंशांत काढायचे, तेही सामान लावत, नळजोडणीसाठी कचेऱ्यांच्या रांगेत उभं राहत. आजी आणि लहान मूल बरोबर असताना कशाला?

गंमत म्हणजे ठाणे आणि जोधपूर जवळपास एकाच रेखांशावर आहेत (७२.९७ आणि ७३.०२ पूर्व), त्यामुळे घड्याळाच्या हिशेबाने दुपार तीच. फरक अक्षांशाचा. जोधपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, २६.३ वर. जूनमध्ये तिथला दिवस आपल्यापेक्षा साधारण अर्धा तास मोठा, संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड. मेमध्ये आपल्याकडे पारा रात्री २७ आणि दुपारी ३३-३४. तिकडेही रात्रीचा आकडा २७च्या आसपास, दुपार मात्र ४१-४२. म्हणजे रोज १४-१५ अंशांचा झोका. त्याच पट्ट्यातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद आहे, तो देशाचा उच्चांक.

पाऊस वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आपल्याकडे जुलैतला एखादा जोरकस आठवडा तेवढा देतो.

आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८-१० अंश. दगडी फरशी, दगडी भिंती. ठाणेकरांच्या घरात असलेल्या सोलापुरी चादरींनी भागत नाही, माणशी एक जाड रजई धरा. ती तिकडेच घ्या, ट्रकमध्ये जागा अडवू नका.

---

येऊरपायथा

घर बघताना आपल्याकडचे निकष उलटे करा. इथे आपण वारा, मोकळी बाल्कनी आणि वरचा मजला शोधतो. तिकडे:

वरचा मजला नको. जोधपूरच्या बऱ्याच स्वतंत्र घरांचं छत दगडी पट्ट्यांचं असतं. दिवसभर तापतं आणि रात्री अकरापर्यंत आत उष्णता सोडत राहतं. नाइलाजाने घ्यावंच लागलं तर गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर आहे का, किमान चुना मारलाय का बघा. चुना दर वर्षी मार्चमध्ये मारावा लागतो. तो कोण मारणार हे भाडेकरारात लिहून घ्या.

पश्चिमेची भिंत आणि पश्चिमेच्या खिडक्या टाळा. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही म्हटलं तरी चालेल. खरा मारा दुपारी तीननंतर पश्चिमेकडून. हिवाळ्यात सूर्य माध्यान्हीला फक्त ४० अंश वर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं आणि ते हवंसं वाटतं. म्हणून दक्षिण-उत्तर खिडक्यांचं घर उत्तम.

पडदा काचेच्या बाहेर हवा. आतला जाड पडदा उजेड अडवतो, पण काच तापून आत आलेली उष्णता आतच राहते. बाहेरून बांबूची चिक लावली की काच तापतच नाही.

खिडक्या सकाळी सातला बंद, रात्री नऊनंतर उघड्या. दिवसभर 'हवा खेळती राहू दे' म्हणून उघड्या ठेवल्या की ४२ अंशांची हवा घरात खेळते.

जुन्या शहरातलं तळघर असलेलं घर असेल तर तळघरात उतरून भिंतींना हात लावा. वाळवंटात ओल कसली, असं वाटेल. पण कालव्याचं पाणी आल्यापासून जुन्या भागात भूजल वर आलंय आणि कित्येक तळघरांत पंप लावून पाणी उपसावं लागतं.

---

मोरबे_ते_बेलापूर

पाण्याबद्दल लांबलचक लिहितो, कारण घरमालक यावर सर्वात कमी बोलतात.

आपण नवी मुंबईकर मोरबे धरणाच्या आणि ठाणेकर भातसा-उल्हास नद्यांच्या मऊ (कमी क्षारांच्या) पाण्यावर वाढलेलो. जोधपूरला पिण्याचं पाणी येतं ते हिमालयातल्या नद्यांचं. इंदिरा गांधी कालवा, त्यातून राजीव गांधी लिफ्ट कालवा आणि शेवटी कायलाना-तखतसागर तलाव. हे पाणी गोडं. पण दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी, साधारण मार्च अखेर ते मे, कालव्याच्या दुरुस्तीसाठी 'नहरबंदी' असते. तेव्हा तलावातल्या साठ्यावर शहर चालतं आणि पुरवठा एक दिवसाआड किंवा त्याहून विरळ होतो. म्हणजे कूलरला सर्वात जास्त पाणी लागतं नेमकं तेव्हाच.

हिशेब असा करा. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांचे ५४०. दोन कूलर चालले तर आणखी २००-२५०. म्हणजे दिवसाला ८०० लिटर. तीन दिवस पाणी आलं नाही तर २४००. म्हणून जमिनीखालचा हौद तुमच्या एका बिऱ्हाडाच्या वाट्याला किमान ३००० लिटर, जमल्यास ५००० हवा. 'टाकी मोठी आहे' हे उत्तर समजू नका. लांबी, रुंदी, पाण्याची उंची फुटांत मोजा, गुणा आणि २८.३ने गुणून लिटर काढा. त्याच हौदावर किती बिऱ्हाडं आहेत तेही विचारा.

मालकाला विचारायचे प्रश्न: पाणी कोणत्या वारी, किती वाजता आणि किती वेळ? कालव्याचं की बोअरचं की मिसळलेलं? टँकर मागवायचा तर पैसे कोणाचे? हौद शेवटचा कधी धुतला?

मग खिशातून टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) काढा. तीन-चारशे रुपयांत मिळतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि गच्चीवरची टाकी अशा तीन ठिकाणी मोजा. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात विद्राव्य क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालवून घ्यायचे. आकडा दोन-तीनशे आला तर कालवा, हजाराच्या वर गेला तर बोअर मिसळलंय. पश्चिम राजस्थानच्या भूजलात फ्लोराइडही असतं आणि ते या मीटरवर वेगळं कळत नाही. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर १.५. घरात लहान मूल आहे, दात अजून यायचेत. बोअरचंच पाणी प्यायची वेळ असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर वाढतं.

---

कोलशेत_रोड

> आकडा दोन-तीनशे आला तर कालवा

मग आरओ कशाला लावायचा? इथून काढून नेऊ का?

---

मोरबे_ते_बेलापूर

कालव्याचं पाणी खात्रीने मिळत असेल तर आरओची गरज नाही, साधा यूव्ही-यूएफ फिल्टर पुरतो. आरओ एक लिटर शुद्ध करताना दोन-तीन लिटर वाया घालवतो, आणि ज्या गावात पाणी दिवसाआड येतं तिथे हे परवडणारं नाही. पण नहरबंदीत टँकर येतो आणि टँकरवाला पाणी कुठून भरतो ते तुमच्या हातात नसतं. म्हणून असलेला आरओ न्या, टीडीएस बघून चालू-बंद करा. बाजूला निघणारं पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरा. झाडांना घालू नका, कुंडीच्या मातीवर पांढरा क्षार चढतो आणि पानांच्या कडा जळतात.

जड पाण्याची स्वयंपाकघरातली खूण म्हणजे तुरीची डाळ कुकरच्या सहा शिट्ट्यांनंतरही बोटाला टोचते. डाळीपुरतं फिल्टरचं पाणी घ्या. सोडा टाकून शिजवू नका, त्यातलं ब जीवनसत्त्व जातं.

---

घणसोली_वायंडिंग

कूलर विरुद्ध एसी. इथे बहुतेकांच्या डोक्यात 'कूलर म्हणजे चिकचिक' असं बसलंय, कारण आपल्या हवेत तो चालतच नाही. थोडं गणित.

कूलर हवेला कमाल किती थंड करू शकतो ते ओल्या फडक्याच्या तापमानावर ठरतं (थर्मामीटरच्या फुग्यावर ओलं फडकं बांधलं की जे दाखवतो ते). जोधपूरला मेच्या दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ते २४ येतं. चांगला पॅड या फरकाच्या ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे कूलरच्या तोंडाशी २७-२८ अंशांची हवा. आता ठाणे: ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के, ओल्या फडक्याचं तापमान २८. हवा मिळणार २९ची, वर पूर्ण भिजलेली. तोच कूलर, दोन गावं.

जोधपूरला जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवा आली की तिथेही हेच होतं. म्हणून एप्रिल ते जून कूलर, जुलै-ऑगस्ट एसी, अशी विभागणी ठेवा. कूलर १५०-२५० वॅट खातो, दीड टनाचा एसी १५०० वॅटच्या आसपास. बिलातला फरक तिथे आहे.

मापं: खोली १२ बाय १२, उंची १० फूट, म्हणजे १४४० घनफूट. याच्या निम्म्या ते पूर्ण इतके सीएफएम (कूलर मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो तो आकडा) हवेत, म्हणजे ७२० ते १४४०. वाळवंटासाठी वरच्या बाजूचा आकडा धरा. खोक्यावर घनमीटर प्रति तास लिहिलं असेल तर १.७ने भागा.

सर्वात मोठी चूक म्हणजे कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या बंद करणं. तो आतलीच ओली हवा फिरवतो आणि तासाभरात चादर दमट होते. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर, तोंड आत, आणि समोरच्या बाजूला हवा जायला वाट. दर १००० सीएफएमला दोन चौरस फूट उघडी खिडकी धरा. पडदा बाहेरच्या दिशेने हलताना दिसला की बरोबर जमलं.

पाणी: हजार-दीड हजार सीएफएमचा कूलर अशा कोरड्या हवेत ताशी १० ते १७ लिटर उडवतो. ५० लिटरची टाकी रात्री दोनला संपते आणि मग तो गरम वारा फेकतो. फ्लोट वॉल्व्ह लावून नळाला जोडा.

पॅड दोन प्रकारचे: लाकडाच्या भुशासारख्या तंतूंचे, ज्यांना तिकडे 'घास' म्हणतात, आणि पुठ्ठ्याच्या पोळ्यासारखे. घास स्वस्त, दर हंगामाला बदलायची, पहिले दोन दिवस पाणी तपकिरी येतं. पोळं तीन-चार वर्षं टिकतं, पण फक्त मऊ पाण्यावर. बोअरच्या पाण्यावर एका हंगामात भोकं क्षाराने बुजतात. वाळ्याचे पडदे वासाला छान, गारव्यात फार फरक नाही.

पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करून भरा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस लागतात, आठवड्याचा नियम त्यासाठीही आहे.

आणि लोखंडी कूलर असेल तर अर्थिंग. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. ओलं लोखंड, ओली फरशी, अनवाणी पाय. तीन पिनांचा प्लग असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावा, पूर्ण उजळला तर अर्थ आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) स्वतःच्या खर्चाने का होईना, बसवून घ्या. पाणी भरताना प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

---

तलावपाळी

आरसीसीबीला शंभरदा अनुमोदन.

एसी नेताना: काढणाऱ्याने पंपडाउन करायला हवं. म्हणजे एसी चालू ठेवून आधी बारीक नळीचा वॉल्व्ह बंद, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढला गेला की जाड नळीचा बंद, मग लगेच वीज बंद. असं केलं तर गॅस तसाच राहतो आणि तिकडे 'पूर्ण गॅस भरावा लागेल' म्हणणाऱ्याला नाही म्हणता येतं. बसवताना व्हॅक्यूम पंप १५-२० मिनिटं लावलाच पाहिजे. नुसता गॅस सोडून नळीतली हवा हाकलणारे टाळा.

युनिटच्या पाटीवर टी१ की टी३ आहे ते बघा. टी१ची रचना ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या हवेसाठी, टी३ची ५२पर्यंत. टी१ असला तर बिघडेल असं नाही, पण दुपारी तीनला कॉम्प्रेसर ट्रिप होऊ शकतो. अशा वेळी बाहेरचं युनिट उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, मागे एक फूट मोकळी जागा. डोक्यावर छप्पर चालेल, समोर जाळी किंवा पडदी नको. प्रत्येक मोठ्या आंधीनंतर वीज बंद करून फिन्स पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. आपल्याकडे पाऊस हे काम फुकट करतो.

---

कळवा_पूर्व

आंधीवरून: एप्रिल ते जून धुळीची वादळं. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत पावसाचं पाणी जायला बारीक भोकं असतात. आपल्याकडे ती बुजली की घरात पाणी. तिकडे धूळ नेमकी तिथूनच आत येते. एप्रिलमध्ये टेप लावून बंद करा, जुलैच्या सुरुवातीला काढा. झडपांमध्ये केसाळ पट्टी झिजली असेल तर बदला, मीटरवर मिळते. दाराखालच्या फटीला ओला टॉवेल.

वादळानंतर झाडू मारू नका, पीठासारखी धूळ परत हवेत जाते आणि तासभर तरंगते. ओलं फडकं किंवा व्हॅक्यूम. कोणाला दमा असेल तर साफसफाईच्या वेळी एन९५. साधा कापडी मास्क या धुळीला पुरत नाही.

---

पारसिक_डोंगर

लाकूड आणि चामडं यावर कोणी लिहिलं नाही म्हणून.

सागवान इथे सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रतेला स्थिरावलेलं असतं. वीस टक्क्यांत गेलं की आडव्या रेषेत आकसतं. कपाटाच्या दाराच्या फळीत फट दिसेल, सांधा करकर वाजेल. पहिल्याच उन्हाळ्यात लांबी (पुट्टी) भरून फट बुजवू नका. ऑगस्टमध्ये लाकूड पुन्हा थोडं फुगतं आणि भरलेली लांबी बाहेर ढकलून फळी चिरते. एक पूर्ण वर्ष जाऊ द्या, मग सुतार बोलवा. प्लायवूडला फार होत नाही, त्यावरचं विनीअर कडेला उचलतं.

तबला: पुडी ताणली जाते, स्वर चढतो, शाईला तडे जातात. नेण्याआधी गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून वर घ्या म्हणजे वादीचा ताण उतरेल, आणि पॅक करताना जाड कापडी गवसणी. एसी किंवा कूलरच्या झोतात ठेवू नका. तिथे गेल्यावर पहिले पंधरा दिवस रोज सुरात लावण्याचा हट्ट सोडा.

फायदेही आहेत. मीठ मोकळं राहतं, पापड-कुरडया मऊ पडत नाहीत, पुस्तकांना आणि चपलांना बुरशी नाही.

---

ऐरोली_सेक्टर८ (धागाकर्ता)

लिहून घेतोय सगळं. आजींच्या इन्सुलिनचं कसं? आणि शेगडी-गाडीचं?

---

डॉ_नाही_फार्मासिस्ट

वापरात असलेलं इन्सुलिन ३० अंशांखाली ठेवलं तर बहुतेक प्रकार सुमारे चार आठवडे टिकतात. नेमके दिवस पेनवरच्या कागदावर बघा. इथे कपाटात ठेवलं तरी निभावतं, तिकडे मेमध्ये बंद खोली ३८वर जाते. फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरजवळ नको, एकदा गोठलं की टाकून द्यायचं. प्रवासात बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवू नका, मधे कापड हवं. वीज गेली तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात कोरड्या डबीत कुपी आणि वर ओलं फडकं. कोरड्या हवेत ही युक्ती उत्तम चालते.

पाण्याचं: तिकडे घाम दिसत नाही, निघताक्षणी उडतो. त्यामुळे 'घामच येत नाही, मग पाणी कशाला' असं होतं. आजींना तहान लागायची वाट बघू नका, तासाचं अंतर ठरवून द्या. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला पाहिजे. मुलासाठी ओआरएसच्या पुड्या ठेवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला घातक. आजींना मात्र मीठ-साखरेचं पाणी डॉक्टरांना विचारूनच. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डोसबद्दल बोलून घ्या.

उष्माघात ओळखायचा तो बरळण्यावरून, तोल जाण्यावरून आणि ४० अंशांच्या वर गेलेल्या अंगावरून. घाम थांबलेला असेलच असं नाही. आधी अंगावर पाणी आणि पंखा, बरोबरीने १०८. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, हा तापच वेगळा.

नाकातून रक्त येणं पहिल्या महिन्यात सामान्य आहे. नाकाच्या आत व्हॅसलीन, पुढे वाकून बसणं, नाकपुड्या दहा मिनिटं दाबून धरणं. डोकं मागे टाकायचं नाही.

---

कोपरी_गॅरेज

शेगडी: पाइप गॅसच्या शेगडीचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी तोंडं) मोठ्या भोकाचे असतात. तीच शेगडी सिलिंडरला लावली तर ज्योत पिवळी, लांब आणि भांडी काळी. धोकादायकही. सिलिंडरचे जेट घालून घ्या, तीन बर्नरचं काम अर्ध्या तासाचं. पाइप गॅस बंद करताना मीटरचं शेवटचं वाचन आणि अनामत परतीचा अर्ज, दोन्हीची पोच घ्या.

गाडी: वर्षभराहून जास्त राहणार असाल तर आरजे १९ (जोधपूर पासिंग) करून घ्यावी लागेल, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७, मुदत १२ महिने. क्रम असा: ई-चलनं भरून टाका, कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत, मग वाशी आरटीओकडून फॉर्म २८वर ना हरकत प्रमाणपत्र. तिकडे फॉर्म २७वर नवीन क्रमांकाचा अर्ज आणि तिथला कर. तो भरून नवीन आरसी मिळाली की इथल्या उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो. मूळ कर भरल्याची पावती जपून ठेवा, परतावे अडतात ते तिथेच. विमा आणि फास्टॅगवरही नवीन क्रमांक चढवा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद.

निघण्याआधी: टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षांच्या वर गेलेले टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला. हवा सकाळी थंड टायरला तपासा. तापलेल्या टायरचं प्रेशर जास्त दिसलं म्हणून हवा कमी करू नका. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नाही, तयार कूलंट. एअर फिल्टर दर पाच हजार किमीला उघडून झटका. बॅटरी उष्णतेने लवकर मरते, तीन वर्षं झाली असतील तर इथेच बदलून निघा. काचेवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे कायमचे.

अंतर हजार किमीच्या आतबाहेर, अहमदाबाद-पालनपूर-पाली मार्गे. आजींना गाडीने नेऊ नका, वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेस सरळ जाते.

---

खारघर_टेकडी

आम्हा दुबईवाल्यांनाही हेच लागू?

---

घणसोली_वायंडिंग

निम्मंच. दुबई वाळवंट आहे पण समुद्रकाठचं. ऑगस्टमध्ये हवा तापलेली आणि दमटही, कूलर तिथे ठाण्याइतकाच निरुपयोगी. सुट्टीवर येताना एसी पूर्ण बंद करून आलात तर परत गेल्यावर कपाटात बुरशी. जोधपूरला ही अडचण नाही. घरभाड्यात शीतकरणाचं बिल धरलंय का ते आधी विचारा, तो आकडा मोठा असतो. करार 'इजारी'त (तिथली भाडेकरार नोंदणी) नोंदवल्याशिवाय वीज-पाणी मिळत नाही, फ्लॅटसाठी अनामत २००० दिरहम. वार्षिक भाड्याच्या पाच टक्के गृहशुल्क महिन्याच्या वीजबिलात विभागून येतं. बाहेर उन्हात काम असेल तर १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन कामाला कायद्याने बंदी आहे.

---

डॉ_नाही_फार्मासिस्ट

आणि खसखस नेऊ नका. अमिरातीत ती बंदी घातलेल्या वस्तूंत येते. घरचा मसाला, अनारसे, कशात घातलीय ते आठवून बघा. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं पूर्वपरवानगीशिवाय नकोत.

---

येऊरपायथा

जोधपूरकडे परत येऊ. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे-जूनमध्ये दुपारी अंगावर घेववत नाही, लहान मुलाला भाजू शकतं. उपाय: गिझरची वीज बंद ठेवायची आणि सकाळी सहाला त्यातून पाणी वाहू देऊन भरून ठेवायचा. गिझर घरात असतो, त्याला उष्णतारोधक थर असतो, त्यामुळे दुपारी 'गरम' नळातून त्यातल्या त्यात गार पाणी येतं आणि 'थंड' नळातून उकळतं. मात्र साठवणीचा गिझर हवा, तीन लिटरचा इन्स्टंट नाही. आणि २५ लिटरच्या गिझरमधून १५ लिटरच धरा, पुढे टाकीचं पाणी मिसळतं.

---

ऐरोली_सेक्टर८ (धागाकर्ता)

ऑक्टोबर पक्का केला. हौदाचं माप आणि टीडीएस मीटर घर बघण्याच्या यादीत सर्वात वर. शेवटचं: आजी म्हणतात इथला माठ बरोबर घ्या. न्यावा का?

---

पारसिक_डोंगर

नको. वापरलेल्या माठाची छिद्रं बुजलेली असतात आणि ट्रकमध्ये तो फुटतोच. तिकडे नवा घ्या, एक दिवस-रात्र पाण्यात बुडवून ठेवा, ते पाणी फेका. घासायचा तो नुसत्या काथ्याने, साबण लावला तर वास महिनाभर जात नाही. खाली ओल्या वाळूची परात, वर ओलं फडकं, आणि जागा सावलीतली पण वाऱ्याची. बंद फडताळात ठेवला तर गार होणार नाही. पाणी बोअरचं असेल तर हंगाम संपेपर्यंत बाहेरून पांढरा थर येईल. तो आला की माठ बदला.